वाचकांचे प्रश्न : ॲम्प खोलीत गाजतो, रेकॉर्डिंगमध्ये लाजतो

या वेळची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड केली, पण डोक्यातला आवाज काही केल्या उतरत नाही. त्यातली निवडक घेतली आहेत. ज्यांनी नुसतं ‘कोणतं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा जादा भाग) घेऊ?’ एवढंच विचारलंय, त्यांनी आधी बाकीच्यांची उत्तरं वाचावीत. निम्म्या लोकांना काही घ्यावंच लागणार नाही.

ताई, माझा ॲम्प खोलीत दणदणीत वाजतो, अगदी अंगावर काटा येतो. पण माइक लावून रेकॉर्ड केलं की आवाज किरटा आणि टोचरा येतो. माइक डायनॅमिक आहे, नवाच आहे. स्पीकरच्या बरोबर मध्यावर, जाळीला चिकटवून ठेवतो. ॲम्पचे नॉब वाजवताना असतात तसेच. कुठे चुकतंय?

नॉब ‘वाजवताना असतात तसेच’ ठेवलेत, तिथेच पाणी मुरतंय.

तुमचा ॲम्प जमिनीवर आहे आणि त्याचं तोंड तुमच्या गुडघ्यांकडे आहे, असं मी धरून चालते. बहुतेकांचं तसंच असतं. गिटारच्या स्पीकरमधून वरच्या पट्टीचा, धारदार आवाज बॅटरीच्या झोतासारखा सरळ समोर जातो. तुम्ही उभे असता दोन-तीन मीटरवर, कान झोताच्या कितीतरी वर. म्हणजे तुमच्यापर्यंत येतो तो धार गेलेला आवाज, वर त्यात जमीन आणि भिंती मिळून भरीव खर्ज घालतात. या कानाला बरं वाटावं म्हणून तुम्ही ट्रेबल आणि प्रेझेन्स हे धार वाढवणारे नॉब वाढवता. माइक मात्र ऐन झोतात उभा असतो. त्याने जे ऐकलं तेच दिलं, त्याला बोल लावू नका.

पहिलं काम, ॲम्प खुर्चीवर ठेवा. स्पीकर कानाच्या उंचीला आला पाहिजे. समोर जरा अंतरावर बसा, आवाज बेताचा ठेवा आणि मग नॉब लावा. ट्रेबल तुम्ही आपोआप खाली आणाल. गेनसुद्धा, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब, बघाच.

आता माइक. स्पीकरच्या कोनाच्या मधोमध एक गोल टोपी असते, डस्ट कॅप म्हणतात तिला. तिच्यासमोर आवाज सगळ्यात तिखट. कडेकडे जावं तसा तो काळसर आणि भरदार होत जातो. टोपीची कड जिथे कोनाला भेटते तिथून सुरुवात करा, जाळीपासून दोन बोटं अंतर ठेवून. कापडाच्या जाळीतून स्पीकर दिसत नसेल तर टॉर्च मारून बघा. पुष्कळ ॲम्पमध्ये स्पीकर जाळीच्या मध्यावर नसतोच आणि लोक महिनोन्‌महिने भलत्याच जागी माइक लावून बसतात. जागा सापडली की जाळीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून ठेवा.

नेमकी जागा शोधायची माझी पद्धत अशी. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवायचा आणि ॲम्पचा गेन वाढवायचा, म्हणजे नुसती सरसर ऐकू येते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावायचा आणि माइक हातात धरून अगदी सावकाश टोपीकडून कडेकडे न्यायचा. सरसर सुरुवातीला ‘श्शीऽऽ’ अशी येते, मग ‘शूऽऽ’ होते, आणखी पुढे गेलं की ‘हूऽऽ’. या सरसरीत खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर मिसळलेले असतात, म्हणून माइकच्या जागेने त्यातलं काय वाढलं, काय गेलं ते गिटार न वाजवताही कळतं. ‘शी’ची ‘शू’ होते त्या टप्प्यावर थांबायचं आणि मग वाजवून खात्री करायची. लूपर पेडल असेल तर आणखी सोपं. एक तुकडा त्यात भरून फिरत ठेवायचा आणि दोन्ही हात माइकसाठी मोकळे. इथे सेंटिमीटरभर सरकल्याने जे होतं, ते नंतर ईक्यूवर, म्हणजे खालचे-वरचे स्वर कमीजास्त करायच्या साधनावर, तासभर घालवून होत नाही.

तुमचा माइक कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरगुती स्टुडिओत हमखास सापडतो तो शूरचा एसएम५७, १९६५ पासून चालत आलेला. त्याला ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःचाच उठाव आहे. गिटार कानाला टोचते ती साधारण याच भागात. तेव्हा हा माइक असेल तर टोपीच्या मध्यावरून आधी हलवा. असे माइक जवळ नेले की खर्ज फुगतो. आवाज गढूळ वाटला तर ईक्यूला हात घालण्याआधी माइक वीतभर मागे घेऊन बघा.

दुसरा माइक लावायचा मोह होईल. सध्या नको. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दुसरा माइक पहिल्यापेक्षा १७ सेंटिमीटर मागे राहिला तर त्याच्यात आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा येतो. दोन्ही एकत्र केले की १ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो, म्हणजे गिटारचा ऐन गाभा. आधी एकाच माइकवर हात बसू द्या.

ताई, मी कॉलेजात आहे. ॲम्प नाही, लॅपटॉप आहे. गिटार थेट इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) लावतो आणि फुकट मिळालेलं ॲम्पचं सॉफ्टवेअर वापरतो. क्लीन बरा वाटतो, पण डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलं की डब्यात माश्या कोंडल्यासारखा आवाज येतो. चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?

थांब. तुझी माश्यांची उपमा वाचूनच मला शंका आली. सॉफ्टवेअरमध्ये स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा, कॅबिनेट म्हणून वेगळा भाग असतो, तो चालू आहे का ते आधी बघ. काही फुकट सॉफ्टवेअरमध्ये नुसता ॲम्प असतो, कॅबिनेट आपण जोडायचं असतं. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने आटतो. डिस्टॉर्शनमुळे वर जो चरचराट तयार होतो, तो या स्पीकरमध्येच गाळला जातो. स्पीकर काढून घेतलास तर माश्याच उरणार.

कॅबिनेटसाठी आयआर नावाची फाइल भरता येते. एखादा स्पीकर, त्याच्यासमोर अमुक जागी ठेवलेला माइक, या जोडीचा ठसा म्हणजे ही फाइल. लांबीला सेकंदाचा किरकोळ भाग. अशा फायली फुकटही मिळतात आणि तिथेच पोरं वाया जातात. शेकड्यांनी जमवायच्या आणि रात्रभर एकेक लावून बघायची. दहा-बारा घे, सगळ्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐक, कारण जी मोठ्याने वाजते ती उगाचच चांगली वाटते. दोन ठेव, बाकीच्या पुसून टाक. मी हे गमतीने सांगत नाहीये. आणि मल्टीइफेक्ट पेडलमधून येत असशील तर तिथलं कॅबिनेट बंद कर. एकावर एक दोन कॅबिनेट लागली की गोधडीखालून वाजल्यासारखं होतं.

मग इंटरफेसकडे बघ. गिटारचं चित्र किंवा ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण दाबलेलं हवं. साध्या पिकअपला (तारांचा आवाज टिपणारा गिटारवरचा भाग) समोर १ मेगओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. लाइन इनपुट असतो १० किलोओहमच्या घरातला. तिथे गिटार लावली की पिकअपचा जीव जातो आणि आवाज मंद होतो. तुझी तक्रार उलटी आहे, म्हणून हे बहुधा ठीक असेल, पण तपास.

तिसरी गोष्ट लेव्हल. खऱ्या ॲम्पसारखंच सॉफ्टवेअरही आत किती जोर येतोय त्यावर प्रतिसाद देतं. इनपुट फार चढवलास तर ‘क्रंच’ नाव असलेला प्रीसेटसुद्धा किंचाळतो. तुझ्या सगळ्यात जोरकस फटक्याला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ दे. २४ बिटवर रेकॉर्ड करत असशील तर लाल दिव्याच्या जवळ जायची काही गरज नाही. काही कंपन्या आपलं सॉफ्टवेअर कोणत्या लेव्हलला धरून बनवलंय ते माहितीपत्रकात लिहितात. ते पान वाच. आणि हवं ते डिस्टॉर्शन सोडून आवाज इंटरफेसमध्येच फाटला असेल तर ते नंतर कोणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही.

शेवटी कॅबिनेटनंतर खालचा ८० हर्ट्झच्या आतला आणि वरचा ८-१० किलोहर्ट्झपलीकडचा भाग कापून टाक. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची असते, त्याखाली तुझं काही नाही. आणि थेट आलेला कोरा ट्रॅक कधीही पुसू नकोस. आज आवडलेला ॲम्प महिन्याभराने आवडला नाही तर वाजवलेलं तसंच ठेवून ॲम्प बदलता येतो.

एक मात्र आहे. ‘थेट’ म्हणजे वाईटच असं काही नाही. १९६८ साली ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या गिटारी थेट मिक्सिंग डेस्कला लावल्या होत्या आणि माइकचा सिग्नल वाढवणारे दोन प्रीॲम्प एकामागोमाग मुद्दाम ओव्हरलोड केले होते. त्यांना तो ओरबाडणारा आवाज हवाच होता. तुलाही हवा असेल तर कॅबिनेट खुशाल बंद ठेव, फक्त पुन्हा माश्यांची तक्रार करू नकोस.

एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकला. गिटार रुंद होण्याऐवजी नुसती मोठी झाली. का?

कारण दोन्ही बाजूंना हुबेहूब एकच गोष्ट असली की कान ती मध्यातच ऐकतो. रुंदी येते ती दोन टेकमधल्या फरकामुळे. पिक किंचित वेगळं लागतं, तार किंचित वेगळी ताणली जाते. पुन्हा वाजवा, दुसरा इलाज नाही. कॉपी १५-२० मिलिसेकंद सरकवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हेडफोनवर ती छान वाटते, फोनच्या एका स्पीकरवर ऐकलं की आवाज पोकळ होतो.

दुसऱ्या टेकला पिकअप बदला किंवा ॲम्प बदला. दोन थर मिळून डिस्टॉर्शन दाट होतं, म्हणून प्रत्येक थराचा गेन एकट्यासाठी ठेवला असता त्यापेक्षा कमी हवा. दोन टेकच्या मध्ये ट्यूनर बघा. आणि सुरुवातीपेक्षा शेवटाकडे लक्ष द्या. दोन्ही गिटारी एकाच क्षणी गप्प झाल्या की भाग घट्ट वाटतो, मग सुरुवात एखाद्या केसाने इकडेतिकडे झालेली खपून जाते.

माझ्या गिटारला तीन सिंगल कॉइल आहेत. गेन वाढवला की ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. तारांना हात लावला की कमी होतो. गिटार खराब आहे का? नॉइज गेट (आवाज मंद झाला की तो बंद करणारं साधन) लावला तर शेवटचा सूर मध्येच तुटतो.

गिटार चांगली आहे. सिंगल कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, ते आसपासच्या विजेच्या वायरींची गुणगुण पकडणारच. ५० हर्ट्झ असो की ६०, तुमच्या देशात जी वीज असेल ती आणि तिच्या पटी. हा त्रास जावा म्हणूनच १९५५ मध्ये गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी अशी जोडली की गुणगुण एकमेकांत मरावी आणि तारेचा आवाज उरावा. तोच हंबकर. तुमच्या गिटारमध्ये मधला पिकअप उलट्या गुंडाळीचा असेल, तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर तुम्हालाही हाच फायदा मिळेल. निवड-स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत टाकून बघा.

नाहीतर फिरती खुर्ची घ्या. गिटार मांडीवर घेऊन, गेन वाढवून, हळूहळू गोल फिरा. दोन दिशा अशा सापडतील की गुणगुण जवळजवळ जाते. तिथे तोंड करून बसा. जमिनीवर खूण करून ठेवा, कारण टेकच्या भरात माणूस वळतो. कॉम्प्युटर, चार्जर, दिव्याचा डिमर यांपासून लांब. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बारीक ‘कीऽऽ’ आवाज येत असेल तर तो त्याचाच असण्याची दाट शक्यता आहे. ॲम्प आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या सॉकेटना असतील तर एकाच बोर्डवर आणा.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं नेहमीचंच आहे. उलट हात लावल्यावर वाढली किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर तिथल्या तिथे बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसलं काही करू नका, जीव जाईल.

गेट ॲम्पच्या आधी, कोऱ्या सिग्नलवर लावा. तिथे आवाज आणि गुणगुण यांत अंतर जास्त असतं. रिलीज, म्हणजे गेट मिटायला लागणारा वेळ, लांबवला की सूर तुटणार नाही.

माझ्याकडे ३० वॉटचा ट्यूब ॲम्प आहे. शेजाऱ्यांमुळे आवाज वाढवता येत नाही आणि कमी आवाजात तो रंगत नाही. मित्र म्हणतो, स्पीकरची वायर काढ आणि ॲम्पचा स्पीकर आउटपुट सरळ इंटरफेसमध्ये घाल, म्हणजे शून्य आवाज. करू का?

नाही! हे उत्तर वाचेपर्यंत केलं नसलंत तर देव पावला. ट्यूब ॲम्पला स्पीकर किंवा तेवढ्या ओहमचा लोड नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि स्पीकरच्या जोराचा सिग्नल इंटरफेसच्या इनपुटमध्ये गेला तर इंटरफेसही निकामी होईल. मित्राला हा अंक द्या.

या कामासाठी लोड बॉक्स मिळतो. तो स्पीकरची जागा घेतो, ॲम्पची ताकद पोटात घालतो आणि इंटरफेसला झेपेल असा आउटपुट देतो. त्याचा ओहम ॲम्पशी जुळलेला हवा आणि वॉटची क्षमता ॲम्पपेक्षा जास्त हवी. त्यानंतर वर सांगितली तशी आयआर फाइल. स्पीकर वापरायचाच असेल तर मध्ये ॲम्पचा जोर कमी करणारा अटेन्युएटर. पण हिशेब लक्षात घ्या. ३० वॉटचे ३ वॉट केले तरी कानाला आवाज साधारण निम्माच झाल्यासारखा वाटतो. एक वॉटचा ॲम्पही रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना पुरेसा होतो.

ॲम्प केवढा होता, हे रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला कळत नाही. क्वीनच्या जॉन डीकनने १९७२ च्या सुमारास कचऱ्यात सापडलेला सर्किट बोर्ड एका छोट्या स्पीकरच्या पेटीत बसवून बॅटरीवर चालणारा ॲम्प केला. ब्रायन मेने त्याच डबड्यावर गिटारचे थरावर थर रेकॉर्ड केले आणि लोकांना ते वाद्यवृंदासारखे वाटले. तेव्हा लोड बॉक्स घेणं जमत नसेल तर छोटा, साधा ॲम्प बघा, त्याला अजिबात नाक मुरडू नका.

गिटार एकटी ऐकली की राक्षसी वाटते. ड्रम आणि बेस सुरू झाले की गायब. फेडर वर नेला की बाकीचं सगळं झाकतं. काय करावं?

माझ्याकडे रेकॉर्डिंगला येणाऱ्या मुलांना मी सोलोचं, म्हणजे एकच वाद्य ऐकवणारं, बटण दाबू देत नाही. रागावतात. पण एकटी ऐकून लावलेली गिटार एकट्यासाठीच लावली जाते. खाली खर्ज भरपूर, वर झळाळी भरपूर, मध्ये खड्डा. ड्रम आले की झळाळी झांजा खातात, खर्ज बेस खातो. तुमच्या वाट्याला उरतो तो मधला पट्टा, साधारण ४०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ, आणि तोच तुम्ही काढून टाकलेला असतो.

ड्रम आणि बेस चालू ठेवून टोन लावा. मिडल नॉब वाढवा. बेस नॉब खाली आणा, इतका की गिटार एकटी ऐकायला पातळ वाटली पाहिजे. मिक्समध्ये १०० हर्ट्झपर्यंत कापलं तरी बेस गिटार ती उणीव भरून काढते आणि ऐकणारा दोन्ही मिळून एकच भलीमोठी गिटार ऐकतो. गेन निम्म्यावर आणा. जास्त गेनमध्ये पिकचा ठोकाच दाबला जातो आणि गर्दीत गिटार कळते ती त्या ठोक्यावरून. जोरकस, घट्ट आवाज हवा असेल तर ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर (ॲम्पला जादा ढकलणारं एक प्रसिद्ध पेडल) च्या जातीचं पेडल लावा, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. ते पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी ढोसतं, म्हणून ॲम्प फुगत नाही.

हे सगळं ऐकताना आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा. मोठ्याने ऐकलं की कानाला खर्ज आणि वरचे स्वर जास्त जाणवतात, मंद केलं की ते आधी ओसरतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच याचे आलेख मांडले. रात्री कर्कश्श आवाजात लावलेला टोन सकाळी मवाळ निघतो तो यामुळे. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, सगळ्यात शेवटी, आणि वाटतो त्याच्या निम्मा.

निवृत्तीनंतर गिटार शिकतोय. सॉफ्टवेअरमधून वाजवताना तार छेडली की आवाज जरा मागून येतो. रेकॉर्डिंगही लयीत राहत नाही. वयामुळे होतंय का?

वयाचा काही संबंध नाही काका. ती लेटन्सी, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून फिरून यायला लागणारा उशीर. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर साइज (एका वेळी किती सॅम्पल, म्हणजे आवाजाचे तुकडे, साठवायचे ते) असेल, ती १२८ करा. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. जाताना-येताना आणि इंटरफेसचं मिळून एकूण त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा. खऱ्या ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी ९ मिलिसेकंद लागतातच आणि ते कोणाला खटकत नाही. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच, हा उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर निवडा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की बफर परत वाढवा, नाहीतर आवाज तडतडेल. आणि ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर बाकीचं काही तपासू नका, आधी तो काढून वायरवाला लावा.